रेणू बहिणीला काय म्हणाली

कौतिकआक्का गोष्ट वाचायला बसल्या की आमच्याकडे पाठ करून बसायच्या. आम्ही सगळ्या खोलीत, साड्यांच्या ढिगाभोवती, आणि त्या उंबऱ्यावर, गल्लीकडे तोंड करून. आम्हाला त्यांचा अंबाडा दिसायचा आणि चष्म्याची एक काडी, तीसुद्धा जरीच्या दोऱ्यानं बांधलेली. कुणी म्हटलं, "आक्का, जरा इकडं फिरा की," तर म्हणायच्या, "उजेड इकडून येतो." वाचायच्या मोबाईलवर. मोबाईलला उजेड कशाला लागतो, हे विचारायची आमची कुणाची छाती नव्हती.

मी वाशीमकडची. सातवीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं आणि नवऱ्यामागं सुरतेला आले. नवरा पांडेसऱ्याला साड्या रंगवायच्या मिलमध्ये आणि खोली नवागामात, कारण तिथं त्याच्या ओळखीचं कुणीतरी होतं. तो कामाला गेला की मी आतून कडी लावून बसायची. चहूकडून लूमची खटखट. ती चालू असली की वाटायचं, ह्या आवाजात आपण ओरडलो तर कुणाला ऐकू जाणार? आणि लाईट जाऊन ती बंद पडली की वाटायचं, काय झालं असेल? नवऱ्याला यायला जरा उशीर झाला की मी त्याला मनातल्या मनात दवाखान्यात पोचवून यायची. माझा स्वभावच तसा आहे. अजूनही आहे.

एकदा दुपारी दार वाजलं. मी आतूनच विचारलं, "कोण?"

"बाजूची. उघड, साखर मागायला नाही आले."

उघडलं तर बुटक्या, रुंद बांध्याच्या बाई, कपाळावर चांगलं रुपयाएवढं कुंकू आणि हातात एक छोटी कात्री. कात्री माझ्या हातात दिली नि म्हणाल्या, "घरात बसून भिंती काय पाहतेस, पोरी? चल, धागे काप." घाबरू नको, मी आहे ना, असलं काही म्हणाल्या नाहीत. तसलं बोलणं त्यांना यायचंच नाही. कुणी रडत आलं तर त्या त्याला लसूण सोलायला द्यायच्या.

धागे कापणं म्हणजे, एम्ब्रॉयडरीच्या मशीनवरून आलेल्या साड्यांना उलट्या बाजूनं जे लोंबते दोरे असतात, ते कापून साडी साफ करायची. ठेकेदाराचा माणूस गठ्ठे टाकून जायचा. प्रत्येकीचा ढीग वेगळा. पण आक्कांच्या ढिगाला त्या स्वतः हात लावत नसत. त्यांची एकेक साडी आम्ही वाटून घ्यायचो. आम्ही त्यांच्या साड्या कापायच्या, त्यांनी आम्हाला वाचून दाखवायचं. हा नियम कुणी केला ठाऊक नाही, मी गेले तेव्हा तो चालू होता. एखादीनं आळस करून आक्कांची साडी पुढं सरकवली, तर आक्का पाठमोऱ्याच म्हणायच्या, "रंजना, रेणू कालपासून नदीत पडलीय. राहू दे आता, उद्या काढू." रंजना मुकाट्यानं साडी ओढून घ्यायची.

ही रेणू कोण, ते सांगते. आक्कांच्या मोबाईलमध्ये जपानकडच्या छोट्या कादंबऱ्यांची एक मालिका होती. तिकडं म्हणे अशी पुस्तकं खिशात घालून फिरतात, आत चित्रंही असतात. लाईट नॉवेल म्हणतात त्यांना. कुणीतरी हौशी मुलं त्याचं हिंदी करून नेटवर टाकायची. आक्का दहावी झालेल्या. हिंदी वाचायच्या, आणि तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्याची अहिराणी करायच्या. त्यातल्या मुलीचं नाव लांबलचक होतं. आक्का पहिल्याच दिवशी म्हणाल्या म्हणे, "हे नाव जिभेवर बसत नाही. रेणू म्हणू." मग तिच्या पलटणीचा साहेब मुकादम झाला, तिकडची जाड पावरोटी कळण्याची भाकर झाली, आणि बर्फ पडायला लागला की आक्का बर्फाला "कापसासारखं काहीतरी" म्हणून पुढं जायच्या. रंजनाची सासू तर मरेपर्यंत समजत होती की रेणू चोपड्याच्या पुढं, तापीकाठच्या कुठल्यातरी गावची आहे.

गोष्ट लढाईची नव्हती, लढाई संपल्यानंतरची होती. रेणू लढाईत पूल उडवायच्या तुकडीत होती. लढाई संपली, आणि सरकारनं हुकूम काढला की ज्यांनी पूल उडवले त्यांनीच ते बांधून द्यायचे. मग एकेका भागात एकेक गाव, एकेक मोडका पूल, आणि त्या गावातली रेणूवर खवळलेली माणसं. कुणी तिला पाणी देत नाही, कुणी तिच्या अंगावर कुत्रं सोडतं, एक म्हातारी रोज येऊन नुसती बघत बसते. आणि अगदी पहिल्या भागापासून आपल्याला ठाऊक असतं की शेवटचा पूल तिच्या स्वतःच्या गावचा आहे. तोही तिनंच उडवलेला. पलीकडच्या काठाला तिची सख्खी बहीण, पूल पडला त्यात तिचं घर बुडालं, आणि पूल उडाल्यापासून दोघी एकमेकींना दिसतात, पण बोलत नाहीत.

आक्का वाचता वाचता लिहिणारीशी भांडायच्या. "तीन पानं झाली, रेणूनं खाल्लं काय? पूल बांधते की उपास करते?" कुणी मोठमोठ्यानं भाषण करायला लागलं की म्हणायच्या, "हा माणूस मोकळा दिसतो," आणि ते पान गाळायच्या. पण पुढचं पान आधी चोरून बघायचं नाही, हा त्यांचा कडक नेम. आम्ही फार मागं लागलो तर म्हणायच्या, "मलापण माहीत नाही. सगळ्यांना एकदमच कळेल." आणि ऐन रंगात आलं की मोबाईल उलटा ठेवायच्या. "आता भाकरी."

मला दुपारी अॅम्ब्युलन्सचा आवाज आला की मी उठून उभी राहायची. आक्का वळून पाहायच्या नाहीत, पण त्यांना कळायचं. एकदा त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. "माझे डोळे दुखतात. तू वाच." सातवीनंतर मी काही वाचलंच नव्हतं, त्यात हिंदी. अडखळत वाचलं. बायका हसल्या. आक्का म्हणाल्या, "हसा. तुमच्यातली एक तरी वाचते का? वाच पोरी, तुझी रेणू जरा लंगडत चालली तरी पोचेल." त्या दिवशी आणखी अॅम्ब्युलन्स गेल्या का, मला सांगता येणार नाही. मी आज हे चार कागद लिहू शकते, ते त्या दुपारमुळं.

आक्का पाठ करून का बसतात, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. समोर, गल्लीच्या पलीकडच्या ओट्यावर दुर्गाबाई बसायच्या, आपले आपण धागे कापत. आमच्यात कधी यायच्या नाहीत. मला वाटायचं, तुसड्या असतील. मग मी बघितलं की लूमचा आवाज वाढला की आक्कांचा आवाज वाढतो. आम्ही तर हाताच्या अंतरावर होतो, आमच्यासाठी ओरडायची गरज नव्हती. आणि एखाद्या दिवशी समोरचा ओटा रिकामा असला, तर आक्कांचा घसा बसायचा. "आज नको. उद्या वाचू." उद्या दुर्गाबाई कात्री घेऊन ओट्यावर आल्या की घसा साफ.

मी रंजनाला हळूच विचारलं. ती म्हणाली, "तुला माहीत नाही? सख्ख्या जावा आहेत त्या!"

मग तिनं सगळं सांगितलं. आक्कांचे मालक, दादा, आणि दुर्गाबाईंचे मालक अशोकभाऊ, दोघं भाऊ एकाच खात्यात, म्हणजे कारखान्यात, लूमवर. मजुरीवरून कारागिरांनी काम बंद ठेवलं होतं तेव्हा दादा गेटबाहेर बसलेल्यांत पुढं होते. आणि अशोकभाऊ मागच्या दारानं आत गेले, मशीनवर उभे राहिले. घरात पोरगी आजारी होती म्हणतात. बंद फुटला. दादांना चारचौघांत तोंड दाखवायची सोय राहिली नाही. भाऊ-भाऊ भांडले असते आणि मिटलंही असतं. पण पुढं श्रावणात कानबाई आली.

खानदेशातल्या लोकांची ही देवी. तिच्या सणाला रोट करतात. भाऊबंदकीतल्या एकेका पुरुषाच्या नावानं गहू मोजून एका सुपात घ्यायचे, ते दळायचे, त्याच्या पुरणपोळ्या करायच्या आणि सगळ्या कुळानं एका पंगतीत बसून खायच्या. कुळाबाहेर तो रोट जात नाही. सुपात तुझ्या नावाचे गहू आहेत म्हणजे तू ह्या घरचा. तर त्या दिवशी सगळी भाऊबंदकी बसलेली असताना आक्कांनी अशोकभाऊंच्या नावाचे गहू सुपातून परत काढले आणि दुर्गाबाईंच्या पदरात टाकले. "तुमचं तुमच्याजवळ असू द्या."

तेव्हापासून दोन्ही घरांचा रोट वेगळा. मध्ये गल्ली, चार पावलांची.

"मग गोष्ट कशाला ऐकतात समोरून?" मी म्हटलं.

"गोष्ट त्यांच्याच पोरीनं घालून दिलीय आक्कांच्या मोबाईलमध्ये. पूनमनं. भांडणाच्या आधी. आता ती लग्न होऊन नंदुरबारला गेली. आक्का काही गेल्या नाहीत लग्नाला." रंजनानं दातानं दोरा तोडला. "तू बोलू नको हां कुठं."

मी कुठं बोलणार? पण त्यानंतर मी वाचायला बसले की आपोआप माझाही आवाज मोठा व्हायला लागला.

त्या वर्षी दादांनी ठरवलं की आता पुरे. लूमच्या आवाजात जन्म काढून त्यांचे कान गेले होते, खात्यात कुणी ठेवेना. पोरगा गावी स्थिर झाला होता. श्रावण झाला की सामान उचलायचं आणि जायचं. म्हणजे सुरतेतली आक्कांची ही शेवटची कानबाई. त्या बोलून दाखवत नव्हत्या, पण त्यांचा जीव कशात अडकलाय हे मला दिसत होतं. एकदा दोघीच पाणी भरत होतो, मी धीर करून म्हटलं, "आक्का, एकदा जाऊन या ना समोर."

रागावतील असं वाटलं. त्या हंड्यात पडणाऱ्या पाण्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "जाईन गं. पण जाऊन बोलू काय? पहिलं वाक्य काय म्हणू? चुकले म्हणू, तर दादांचं काय चुकलं होतं? आणि चुकले नाही म्हणू, तर गेले कशाला?" मग हंडा उचलता उचलता म्हणाल्या, "रेणूचा शेवटचा भाग यायचाय. तिला आधी बोलू दे बहिणीशी. बघू काय बोलते."

मला हसू यावं की काय, कळलं नाही. पण त्या थट्टा करत नव्हत्या. इतके भाग त्या पोरीबरोबर नदीनदी हिंडल्या होत्या, तिला कुठल्या म्हातारीपुढं काय बोलावं हे बरोबर सुचत गेलेलं त्यांनी पाहिलं होतं. मग ह्याच वेळी का नाही सुचणार? मीसुद्धा वाट बघायला लागले. रोज विचारायची, "आला का?" आणि मला नेहमीप्रमाणं भीती, की लिहिणारी बाई आजारी पडली तर? हिंदी करणाऱ्या पोरांनी सोडून दिलं तर?

कानबाई अगदी तोंडावर आली आणि भाग आला.

त्या दिवशी सगळ्या लवकर जमल्या. समोरच्या ओट्यावर दुर्गाबाई आधीच बसलेल्या. आक्का उंबऱ्यावर बसल्या, चष्मा पुसला, वाचायला लागल्या. पूल जवळजवळ झाला होता. शेवटची फळी रेणूनं स्वतः ठोकली. पलीकडच्या टोकाला बहीण येऊन उभी राहिली. रेणू पुलावरून चालायला लागली. आमच्या कात्र्या थांबल्या. दुर्गाबाईंचीही थांबली होती, मला दिसत होतं.

आक्कांनी वाचलं, "दोघी बहिणी सगळं विसरल्या आणि एकमेकींच्या गळ्यात पडल्या." पान सरकवलं. "त्यानंतर वसंत ऋतू आला, आणि रेणूचं मुकादमाशी लग्न ठरलं."

पुढं लग्न. मांडव, फुलं, पाहुणे, जेवणं, रेणूचा झगा. आक्का वाचत राहिल्या, आवाज खाली खाली जात होता. मधेच थांबल्या, बोटानं मागं गेल्या, ती ओळ पुन्हा वाचली. पुन्हा पुढं आल्या. संपलं.

लग्न झालं, सगळे सुखी झाले, रडावं असं काही नव्हतं. तरी सगळ्यांचे चेहरे ताटातलं वाढलेलं कुणी उचलून नेल्यासारखे झाले होते.

आणि गल्लीच्या पलीकडून आवाज आला, "आन मंग? काय बोलनी ती?"

दुर्गाबाई. ओट्यावर उभ्या राहिल्या होत्या. इतक्या वर्षांत मोठ्या जावेशी बोललेला त्यांचा पहिला शब्द.

आक्कांनी चष्मा काढला. "लिखेल नही शे," त्या म्हणाल्या.

"नही शे म्हंजे? इतला वरीस आम्ही कान लायी बठनूत, आन दोन ओळीमा उरकी टाकं?"

"माले काय इचारस? तिले इचार!"

"नीट देख ना, बाई! पान सुटनं व्हई एखादं!"

"डाव दोन डाव देखं. नही शे. सगळं विसरल्या म्हणे." आक्का उठल्या होत्या. मोबाईल हातात तसाच. "अशी कशी विसरली? घर बुडालं तिचं! मांडवाची फुलं लिहायला पानं आहेत, आणि हे लिहायला नाहीत? जे अवघड ते गाळलं आणि गळ्यात पडल्या!" रागात त्या अहिराणीतून आमच्या मराठीत आल्या होत्या आणि चालत चालत गल्लीच्या मधोमध. आपण कुठं निघालोय हे त्यांचं त्यांना तरी कळलं होतं की नाही, देव जाणे.

दुर्गाबाई ओट्यावरून उतरल्या नाहीत. हात कमरेवर. "मंग तूच सांग. तुले काय वाटस, काय बोलनी व्हई?"

रंजनानं माझा दंड धरला होता.

"काय माहीत," आक्का म्हणाल्या. "मी असते तर म्हटलं असतं, की गहू काढले तेव्हा माझाच हात कापत होता. दिसलं नाही का तुला?"

"दिसनं," दुर्गाबाई म्हणाल्या. "म्हनीसनी तर भलतं लागनं."

आणि मग जे सुरू झालं त्याला भांडणच म्हणायला हवं. सगळी गल्ली दारात आली. "मनी पोर तापमा व्हती, तू एक डाव तरी उंबरा चढनी का?" "तुझ्या माणसानं मागचं दार धरलं ते आधी सांगायचंस! घरात ताप आहे म्हणाली असतीस तर मीच म्हटलं असतं जा म्हणून!" "पूनमना लगीनले नही ऊनी!" "बोलावलं कुणी?" "पत्रिका ठेवनूत ना उंबरावर!" "उंबऱ्यावर पत्रिका? कुत्र्याला भाकर टाकतात तशी? हातात द्यायची होती!" "हात पुढं करती तर देती!" "वरात निघाली तेव्हा मी वर गच्चीवर होते. उन्हात. तिनं वर बघितलं. विचार तिला!" इथं दुर्गाबाई एकदम थांबल्या. "तिनी सांगं व्हतं माले," त्या म्हणाल्या, आणि ओट्यावर खाली बसल्या.

गळ्यात कुणी पडलं नाही. आक्का परत आल्या, माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसल्या. मी पाणी दिलं. अर्धं सांडलं. म्हणाल्या, "बघ. इतकं बोलल्यावर अंगात उभं राहायचं बळ राहत नाही. गळ्यात काय पडतेस! खोटं लिहिलं बाईनं." आणि हसल्या. मग लगेच उठून आपल्या साडीचे धागे स्वतः कापायला लागल्या. पहिल्यांदाच पाहिलं मी ते. इतकं वाईट कापत होत्या की रंजनानं साडी काढून घेतली.

कानबाईच्या गव्हाच्या वेळी मी माझ्या दारात होते. आक्का सूप घेऊन बाहेर ओट्यावर आल्या आणि समोर हाक मारली, "दुर्गा, गहू मोजी ऱ्हायनू. भाऊ घर शे का?" अशोकभाऊ आले. दादांना ऐकू येत नाही आणि अशोकभाऊंना बोलता येईना. दोघं सुपाच्या दोन बाजूंना पाय दुमडून बसले आणि गव्हातले खडे वेचत राहिले. गहू आधीच निवडलेले होते. खडे नव्हतेच त्यात. पंगतीत म्हणे दोघांत एक पाट मोकळा होता, तिथं शेवटी एक पोर येऊन बसलं. एवढंच झालं, पण रोट एक झाला.

मी त्या कुळाची नाही, मला रोट मिळणार नव्हता आणि मला त्याचं काही वाटतही नव्हतं. संध्याकाळी आक्का ताट घेऊन आल्या. पुरणपोळी आणि गंगाफळाची भाजी. मी घाबरले, म्हटलं, "आक्का, हे मला चालत नाही ना?"

"रोट नाही हा. तुझे गहू वेगळे दळले. वेगळ्या तव्यावर केली. खा." आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तू पाण्यावर म्हणाली होतीस ना, जाऊन या म्हणून. तुझं बोलणं ऐकलं असतं तर रेणूचं लग्न तरी ऐकावं लागलं नसतं."

मी दार लावून ती पोळी खाल्ली. माझ्या नावाचे गहू सुरतेत कुणी दळले, ते तेव्हाच.

पुढं त्या गेल्या. टेम्पो गल्लीत मावत नव्हता, उलटा घालावा लागला. सामान चढलं. लोखंडी कपाट आधी चढवायचं की गाद्या, ह्यावरून दोघी जावांचं वाजलं, आणि दुर्गाबाईंचं खरं ठरलं. आक्का पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या. मी खाली उभी. मी विचारलं, "आक्का, गावी नेटवर्क आहे का?" त्या म्हणाल्या, "नसलं तर झाडावर चढीन. तुझा नवरा आज लवकर येणार आहे, तो मघाशी सांगून गेला मला. उगाच दवाखाना हिंडू नको."

टेम्पो निघाला. दुर्गाबाई खिडकीची कड धरून बरोबर चालायला लागल्या. दोघी एकाच वेळी बोलत होत्या, पूनमच्या बाळंतपणाला नंदुरबारला आधी कुणी जायचं ह्यावरून असावं. लूमच्या आवाजात शब्द कळत नव्हते. आक्कांचा कोपर खिडकीबाहेर होता आणि बोट हवेत, काहीतरी ठासून सांगत. वळणावर समोरून रिक्षा आली, टेम्पो थांबला. तरी दोघी बोलतच होत्या. रिक्षावाला ओरडला. टेम्पो वळला, बोट दिसेनासं झालं.

दुर्गाबाई परत आल्या, एकट्याच बोलत. माझ्याजवळ येऊन थांबल्या. "ऐकं तू? मना पुरा बोलना ऐकाच नही तिनी," त्या म्हणाल्या, आणि कमरेची पिशवी उघडून मोबाईल काढला.